तेच की तसंच?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



आज एका छोट्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. प्रश्न माझा नाही, आमच्या शेजारच्या अण्णांचा आहे. अण्णा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. वय अठ्ठ्याहत्तर. वीजबिल, रेल्वेचं तिकीट, पेन्शनची कामं, सगळं घरबसल्या स्वतः करतात. मी कॉलेजात बरीच वर्षं संगणक शिकवला, त्यामुळे कुठे अडलं की आमच्या दाराची बेल वाजते.

अण्णा सगळे पासवर्ड एका डायरीत लिहून ठेवायचे. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "अण्णा, पासवर्ड ही तुमची खाजगी गोष्ट. तो तुमच्याशिवाय कुणालाही माहीत नसतो. ज्या संकेतस्थळावर तुम्ही तो देता, त्यांच्याकडेसुद्धा तो नसतो. त्यांच्याकडे असतो फक्त त्याचा ठसा." अण्णांनी ते मनावर घेतलं आणि डायरी कपाटात गेली.

एका दुपारी बेल वाजली. अण्णा लॅपटॉप उघडाच घेऊन आले होते. एका संस्थेत त्यांचं खातं आहे. नाव सांगत नाही. ही संस्था दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावते. अण्णांनी नवा पासवर्ड टाकला होता आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती : हा पासवर्ड तुमच्या पूर्वीच्या एका पासवर्डसारखा आहे, कृपया दुसरा निवडा.

अण्णा म्हणाले, "अहो प्रोफेसर, तुम्ही म्हणाला होतात, त्यांच्याकडे पासवर्ड नसतोच. मग माझा नवा पासवर्ड कशासारखा आहे, हे त्यांना कळलं कसं?"

मी म्हटलं, "बसा, चहा घ्या." खरं सांगतो, चहा होईपर्यंत मला विचार करायला वेळ हवा होता. अण्णांचा प्रश्न साधा वाटला तरी अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता.

आधी हा ठसा म्हणजे काय, ते पाहू. संगणकाला पासवर्ड लावायला सुरुवात झाली ती १९६०च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. संगणक एक आणि वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाला आपापला परवलीचा शब्द. हे सगळे शब्द एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा मिळणारा वेळ पुरेना. त्याने सरळ ती फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम सुरू केलं. १९६६ साली तर एका चुकीमुळे स्वागताचा मजकूर आणि पासवर्डची फाइल यांची अदलाबदल झाली. जो कुणी संगणकावर काम करायला बसे, त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड झळकू लागले.

तेव्हा शहाण्या माणसांच्या लक्षात आलं की पासवर्ड जपून ठेवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तो ठेवूच नये. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात ही युक्ती काढली. पासवर्ड एका गणिती गिरणीतून दळून काढायचा आणि फक्त पीठ जपायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, पासवर्ड दिलात, की तो पुन्हा त्याच गिरणीत दळायचा आणि आजचं पीठ कालच्या पिठाशी ताडून पाहायचं. जुळलं तर आत या. पिठावरून दाणे परत करता येत नाहीत, म्हणून पीठ चोरीला गेलं तरी मूळ शब्द सुरक्षित. या गिरणीला इंग्रजीत हॅश फंक्शन म्हणतात आणि पिठाला हॅश. आपण त्याला ठसा म्हणू. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात या हॅशची व्याख्याच दिलेली आहे.

गिरणीचा दाखला सोपा आहे, पण एका जागी तो फसतो. आपल्या गिरणीत ज्वारी टाकली तर पीठ ज्वारीसारखंच दिसतं. दोन दाणे कमी-जास्त झाले तर काही फरक पडत नाही. संगणकाची गिरणी मात्र अशी मुद्दाम बिघडवलेली असते की एक दाणा बदलला तरी पिठाचा रंग, वास, पोत सगळं बदलावं.

तुमच्यापैकी अनेकांनी टायपिंगचा क्लास केला असेल. तिथे एक वाक्य हमखास बडवायला देत : 'द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग'. इंग्रजीतली सव्वीसही अक्षरं त्यात येतात. हे वाक्य एमडी-५ नावाच्या जुन्या गिरणीत टाकलं तर बत्तीस चिन्हांचा ठसा मिळतो. तो सुरू होतो नऊ, ई, एक, शून्य, सात असा. आता त्याच वाक्याच्या शेवटी फक्त एक पूर्णविराम द्या. ठसा सुरू होतो ई, चार, डी, नऊ, शून्य असा. पुढचंही सगळं वेगळं. दोन्ही ठसे समोर ठेवून कितीही न्याहाळलेत तरी मूळ वाक्यांत एका टिंबाचाच फरक होता, हे ओळखता येणार नाही. एमडी-५ आता सुरक्षित मानली जात नाही, तिच्यातले दोष २००४ साली उघड झाले. पण हा गुण तिच्यानंतरच्या नव्या गिरण्यांतही आहे आणि तो हवाच असतो.

का हवा असतो? प्रवासी बॅगेचं तीन आकड्यांचं कुलूप डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक चक्रावर शून्य ते नऊ. आंधळेपणाने उघडायचं तर जास्तीत जास्त एक हजार वेळा फिरवावं लागेल. पण कुलूप स्वस्तातलं असेल आणि प्रत्येक बरोबर आकड्याला बारीकसा 'टिक' होत असेल, तर? मग पहिल्या चक्राला दहा, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला दहा, अशा तीस प्रयत्नांत काम फत्ते. 'जवळ आलास' एवढं जरी कुलपाने सांगितलं तरी हजाराचे तीस होतात. म्हणून चांगला ठसा कधीच 'जवळ आलास' म्हणत नाही. 'तेच' किंवा 'ते नाही', एवढी दोनच उत्तरं तो देतो. 'तसंच' हा शब्द त्याच्या कोशातच नाही.

असा 'टिक' ऐकू आला की काय होतं, ते २०१३ साली जगाने पाहिलं. ॲडोबी या कंपनीची सुमारे पंधरा कोटी नोंदींची फाइल चोरीला जाऊन बाहेर आली. तिथे पासवर्डचे ठसे नव्हतेच. पासवर्ड आठ-आठ अक्षरांच्या तुकड्यांत, सगळे एकाच किल्लीने कुलूपबंद केलेले होते. किल्ली बाहेर आली नाही. पण पासवर्ड सारखे असतील तर त्यांची बंद रूपंही सारखीच दिसत होती. पहिली आठ अक्षरं जुळत असतील तर बंद रूपाचा पहिला तुकडाही जुळत होता. शिवाय प्रत्येकाने स्वतःला आठवण राहावी म्हणून लिहिलेली खूण शेजारी उघडीच होती. कुणी लिहिलं असेल 'मुलीचं नाव', तर तोच पासवर्ड असलेल्या दुसऱ्या कुणीतरी थेट नावच लिहिलेलं असायचं. एकाच्या बेसावधपणामुळे त्याच्यासारखा पासवर्ड असलेले सगळे उघडे पडत. किल्ली न मिळताही घरं उघडली, ती केवळ सारखेपणा दिसल्यामुळे.

ठशांच्या बाबतीतही एक उणीव राहतेच. दोन माणसांचा पासवर्ड अगदी एकच असेल तर ठसाही एकच येणार. त्यावर उपाय १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी जगापुढे मांडला. दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या दाण्यांत वेगवेगळी चिमूटभर भेसळ करायची. तिला इंग्रजीत चक्क मीठच म्हणतात, सॉल्ट. मग शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा पासवर्ड एक असला तरी पीठ वेगळं.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे वळू. ठशाला 'तसंच' कळत नाही. मग संस्थेला कसं कळलं?

मी अण्णांना बँकेतल्या नमुना सहीची आठवण दिली. चेकवरची सही दर वेळी थोडी वेगळी येते. उतारवयात हात थरथरला तर जास्तच. तरी बँकेतला माणूस ती ओळखतो. कारण त्याला 'तीच' सही नको असते, 'तशी' सही हवी असते. पण त्यासाठी तुमच्या सहीचा नमुना बँकेला जपून ठेवावाच लागतो. अंगठ्याचंही तसंच. यंत्रावर अंगठा दर वेळी जरा वेगळा टेकतो, म्हणून त्याचा साधा हॅश करून चालत नाही. अंगठ्याच्या रेषांचा नमुना ठेवावा लागतो. म्हणूनच तो पासवर्डपेक्षाही जपायचा. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

सांगायचा मुद्दा हा की सारखेपणा ओळखायचा तर नमुना हाताशी असावा लागतो. ज्याच्याकडे फक्त चांगला ठसा आहे, त्याला नुसतं बघून सारखेपणा सांगता येणार नाही. मग त्या संस्थेच्या बाबतीत तीन शक्यता उरतात.

पहिली शक्यता निर्दोष आहे. पासवर्ड बदलताना बऱ्याच ठिकाणी आधी जुना पासवर्ड विचारतात. त्या क्षणी दोन्ही शब्द संगणकापुढे असतात. तो त्यांची तुलना करतो आणि जुना विसरून जातो. यात काही वावगं नाही.

दुसरीही निर्दोष, पण कष्टाची. संगणक तुमच्या नव्या पासवर्डचे शे-दोनशे नातेवाईक तयार करतो. शेवटचा आकडा एकने कमी, एकने जास्त, पहिलं अक्षर मोठं, शेवटचं चिन्ह काढलेलं. प्रत्येकाला तुमचं जुनं मीठ लावून दळतो आणि एखाद्याचा ठसा जुन्या ठशाशी जुळतो का, ते पाहतो. जुळला तर नवा पासवर्ड जुन्याचा भाऊबंद. म्हणजे ठशांत सारखेपणा दिसत नसला तरी तो असा आडवाटेने शोधता येतो. अडचण एवढीच की पासवर्डसाठीच्या चांगल्या गिरण्या मुद्दाम सावकाश चालणाऱ्या बनवतात. १९९९ सालची बीक्रिप्ट ही त्यातली एक प्रसिद्ध. चोराला कोट्यवधी अंदाज दळून पाहता येऊ नयेत, म्हणून हा संथपणा. त्यामुळे अशी तपासणी शे-दोनशे नातेवाइकांपर्यंतच परवडते.

तिसरी शक्यता उघड आहे. संस्थेकडे तुमचे सगळे जुने पासवर्ड वाचता येतील असे लिहून ठेवलेले आहेत.

मी अण्णांना विचारलं, "नवा पासवर्ड कशासारखा होता?" ते जरा ओशाळले. त्यांची पद्धत अशी : शाळेचं नाव आणि पुढे एक आकडा. दर तीन महिन्यांनी आकडा बदलायचा. मागच्या खेपेला मात्र त्यांनी नातवाचं नाव घातलं होतं आणि या वेळी पुन्हा शाळेकडे वळले होते. म्हणजे सारखेपणा मागच्या पासवर्डशी नव्हता, त्याच्याही आधीच्याशी होता. तो तर त्या पानावर कुणी विचारलाच नव्हता. पहिली शक्यता बाद झाली. उरल्या दोन.

मग आम्ही एक साधी परीक्षा घेतली. 'पासवर्ड विसरलात?' या बटणावर टिचकी मारली. रीतसर पद्धत अशी की नवा पासवर्ड ठरवण्यासाठी एक तात्पुरता दुवा यावा. मिनिटभराने अण्णांच्या ईमेलवर पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, तुमचा पासवर्ड पुढीलप्रमाणे आहे. आणि खाली नातवाचं नाव, अण्णांनी टाकलं होतं तसंच्या तसं.

श्रोतेहो, ठशावरून नाव परत मिळत नाही. ज्या अर्थी ते परत आलं, त्या अर्थी ते कुठेतरी वाचता येईल असं ठेवलेलं होतं. अण्णा बराच वेळ त्या पत्राकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे तिथला एखादा कारकूनसुद्धा हे वाचू शकतो?" मी म्हटलं, "हो अण्णा, वाचू शकत असेल." मग ते हळूच म्हणाले, "हाच पासवर्ड माझ्या ईमेललाही आहे."

ती संध्याकाळ आमची अण्णांचे सगळे पासवर्ड बदलण्यात गेली. त्या संस्थेला आम्ही रीतसर पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.

अशी चूक लहान संस्थाच करतात असं समजू नका. २०१९ साली फेसबुकने स्वतःच कबूल केलं होतं की कोट्यवधी लोकांचे पासवर्ड त्यांच्या अंतर्गत नोंदींत वाचता येतील अशा रूपात राहून गेले होते.

पण या गोष्टीत चूक एकट्या संस्थेची नव्हती. आमचीही होती. पासवर्ड बदल म्हटलं की आपण काय करतो? एकचा दोन करतो, दोनचा तीन. ठसा पूर्ण बदलतो, म्हणून आपल्याला वाटतं पासवर्ड बदलला. पण चोर ठशाकडे बघतच नाही, तो माणसाच्या स्वभावाकडे बघतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली ७,७००हून अधिक जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले. तिथेही दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती होती. जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचाच्या आत अंदाजांत सापडत होता. आणि ठसा हाती असेल तर ४१ टक्के पासवर्ड काही सेकंदांत. संगणकाने नातेवाईक शोधण्याची जी युक्ती चांगल्या कामासाठी वापरली, तीच चोरही वापरतो.

वारंवार बदलायची सक्ती ज्यांच्या पुस्तिकेमुळे रूढ झाली, ते अमेरिकेच्या मानक संस्थेतले बिल बर यांनी २००३ साली नियम लिहिले होते. २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी वर्तमानपत्राला मुलाखत देऊन त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी त्या संस्थेने नवा सल्ला दिला : पासवर्ड फुटल्याची खूण असेल तरच बदलायला लावा, उगाच तारीख बघून लावू नका.

'तसंच' ओळखण्याची गरजच नसते, असं मात्र नाही. कधी कधी तीच गरज मोठी असते. इंटरनेटवर एकच मजकूर थोड्या फरकाने हजार जागी असतो. तो ओळखण्यासाठी आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ साली वेगळ्या जातीचे ठसे शोधले. मूळ मजकूर जवळचे तर ठसेही जवळचे. मुलांच्या शोषणाची छायाचित्रं आकार बदलून, रंग बदलून पुन्हा पुन्हा पसरवली जातात. ती पकडण्यासाठी मायक्रोसॉफ्ट आणि हॅनी फरीद यांनी २००९ साली फोटोडीएनए नावाची पद्धत बनवली. तीही याच जातीची. पण हे ठसे मूळ वस्तूबद्दल काहीतरी बोलतात, म्हणूनच तर सारखेपणा सांगू शकतात. तसे ठसे पासवर्डला लावणं म्हणजे 'टिक' वाजणारं कुलूप लावणं.

याउलट न्यायालयात 'तेच' लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचा हॅश द्यावा लागतो. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठवला की तो आकाराने लहान केला जातो. डोळ्यांना तोच वाटला तरी ठसा वेगळा येतो. म्हणून अपघाताचा, मारहाणीचा, जमिनीच्या वादाचा फोटो काढला असेल तर मूळ प्रत ज्या फोनवर काढली तिथेच जपा. पुढे पाठवलेली प्रत दिसायला तशीच असते, पण ती 'तीच' नसते.

शेवटी अण्णांनी काय केलं, ते सांगतो. आता त्यांचा प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचा पासवर्ड वेगळा आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द आणि तेही कुणाच्या नावाचे नाहीत. एवढे लक्षात राहणार नाहीत, म्हणून डायरी कपाटातून परत बाहेर आली. मी त्याला हरकत घेतली नाही. घरातल्या कपाटातली डायरी चोरायला चोराला आमच्या इमारतीचे तीन जिने चढावे लागतील.

नव्या ठिकाणी खातं उघडलं की अण्णा पहिल्याच दिवशी एक काम करतात. 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबून बघतात. नवा ठरवायचा दुवा आला तर ठीक. जुना पासवर्डच परत आला तर खातं बंद. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "प्रोफेसर, शाळेत मी मुलांना सांगायचो, उत्तर बरोबर आलं की झालं असं नाही, ते कसं आलं हेही बघावं. इथेही तेच आहे की!"

तुम्हीही आज घरी एकदा ते बटण दाबून बघा.